चार नंबर

शनिवारी संध्याकाळी पाचला आर्वोच्या लॅपटॉपचं इंटरनेट पुन्हा गेलं. लागोपाठ तिसरा शनिवार. स्कीवरच्या उड्यांची स्पर्धा ऐन रंगात आली होती. कुणी एक नॉर्वेजियन पडद्यावर हवेतच अडकून राहिला.

"सौनाची भट्टी पेटवली की जातं," आर्वो बायकोला म्हणाला.

"आपली भट्टी लाकडाची आहे," मार्केत्ता शनिवारच्या वाफेच्या अंघोळीसाठी टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली. "लाकडाचा नि इंटरनेटचा काय संबंध? कंपनीला फोन कर."

कंपनीला फोन! एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस तो. परक्याने येऊन आपल्या घरातला बिघाड शोधायचा म्हणजे नाक कापून घेतल्यासारखंच. त्याने राउटर बंद केला, मनात तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केला. मार्केत्ताचा फोन पाहिला, तो व्यवस्थित चालत होता. म्हणजे दुखणं एकट्या लॅपटॉपचं. मग पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचली: हा पत्ता दुसरं यंत्र वापरत आहे.

इतरांच्या घरी राउटर आपल्या मर्जीने ज्याला त्याला पत्त्याचा नंबर वाटतो. आर्वोला असला सैल कारभार खपत नसे. त्याने प्रत्येकाचा नंबर ज्याच्या त्याच्या यंत्रातच कायमचा नेमून दिला होता: राउटर एक, स्वतःचा फोन दोन, मार्केत्ताचा तीन, मुलाचा, म्हणजे येरेचा, चार. येरे भांडून घराबाहेर पडला त्याला तीन वर्षं झाली. "गेलास तर परत पाऊल ठेवू नकोस," हे बापाचं शेवटचं वाक्य. पुढे हा लॅपटॉप आला तेव्हा आर्वोने चार नंबर त्याला देऊन टाकला. रिकामा ठेवून करायचंय काय, म्हणाला. मार्केत्ता दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

एका क्रमांकाची दोन घरं असली की पोस्टमनची जी गत होते, ती आता राउटरची झाली होती. आर्वोने मार्केत्ताच्या फोनवर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. तीही वाकून बघू लागली.

चार. येरेचा फोन.

"जुनं काहीतरी असेल," ती हळूच म्हणाली.

"जुनं इथे राहत नाही. तीसेक मीटरच्या आत असल्याशिवाय नाव दिसत नाही." आर्वो म्हणाला.

मार्केत्ता खिडकीशी गेली. कुंपणापलीकडे दिवे विझवलेली एक करडी गाडी उभी होती.

"तीन शनिवार!" ती म्हणाली. "तीन शनिवार पोर दाराशी येऊन माघारी जातंय, आणि तू वायरी तपासत बसलायस! आता जातोस, की मी जाऊ?"

"मीच जातो. थांब जरा."

पण तो खुर्चीतून उठेना. मार्केत्ताला वाटलं, खाल्ली याने कच. दोन बोटांनी त्याने लॅपटॉपवर सावकाश काहीतरी बदललं. मग बुटांत पाय खुपसून कोटाशिवाय तसाच बाहेर पडला.

येरेने काच खाली केली. हात स्टिअरिंगवर घट्ट.

"निघालोच होतो मी," तो घाईघाईने म्हणाला. "नुसता भट्टीचा धूर बघत होतो. तुला कळलं कसं, बाबा?"

आर्वो काचेशी वाकला. पोरगं वाळलं होतं.

"तुझा नंबर मी लॅपटॉपला दिला होता," तो म्हणाला. "चुकलं माझं. आता त्याला पाच दिलाय."