डावीकडचा आरसा

रिक्षानं उडवलेला डावीकडचा आरसा हेरंबनं घरीच बदलला. दाराच्या आतले तीन स्क्रू काढले, नवा आरसा बसवला, मागचा रस्ता नीट दिसेल असा वळवला. वडिलांची जुनी गाडी. ते गेल्यापासून तोच चालवायचा.

"चल, एक चक्कर मारू," म्हणत त्यानं आईला शेजारी बसवलं. आईनं बसल्या बसल्या काच खाली केली, हात बाहेर काढला आणि आरसा आत वळवला.

"अगं, बाबाही असाच ठेवायचे! मागचं काही दिसायचं नाही. कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ."

आई हसली. "त्यांना मागचं बघायचंच नसायचं. मागे तुझे आजी-आजोबा. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याकडे बघायची सोय नव्हती रे तेव्हा. आम्हाला हा एवढाच काय तो आडोसा."

हेरंबनं आरशात पाहिलं. रस्ता नव्हताच त्यात, आईचा चेहरा होता.

आईनं पदर सारखा केला. मान किंचित वळवून मागची रिकामी सीट बघून घेतली, आणि मगच हळूच आरशात पाहिलं.