खाट नंबर सात

चपला काढून वकीलबाई सात नंबरच्या खाटेवर सरळ आडव्या झाल्या. फाइल पोटावर ठेवली, उशाशी असलेली बेल दाबली आणि डोळे मिटले.

हॉस्पिटलचे मालक डॉक्टर, म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर, कपाळाला हात लावून उभे राहिले. त्यांच्या शेजारी, हे हॉस्पिटल विकत घ्यायला आलेले कंपनीचे साहेब. सौदा ठरला होता, फोटोवालाही कोट घालून हजर होता. राहिली होती एकच सही. इथं सगळं नियमाप्रमाणे चालतं, असं हॉस्पिटलच्या वकिलानं लिहून द्यायचं होतं. तो दाखला साडेतीनशे पानी, आणि त्यात थापा इतक्या वजनदार, की फाइल वर आणताना लिफ्टसुद्धा कण्हली होती.

"वहिनी, अहो लोक बघतायत!"

"बघू द्या. पान एकशे बारा. रुग्णानं बेल दाबली की दोन मिनिटांत नर्स हजर. मी दाबलीय. ती आली की सही करते."

दोन मिनिटं झाली. दहा झाली. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. पंचविसाव्या मिनिटाला भिंतीवरची पाल कंटाळून दुसऱ्या वॉर्डात निघून गेली.

"घरच्याच माणसानं पाय ओढायचे?" डॉक्टर दातओठ खात म्हणाले. "सही नसेल तर उद्यापासून नोकरीही नाही, सांगून ठेवतो."

"घरची आहे म्हणून आडवी झाले, भावोजी. परकी असते तर उभ्या उभ्या नाही म्हणून गेले असते."

"उठा आधी!"

"मी पेशंट आहे. मला नर्सच उठवील."

आठ नंबरच्या खाटेवरची आजी इतका वेळ चादर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी तिला राहवेना. "नवीन दिसतेस गं पोरी. त्या बटणाला वायर कुठंय? आमच्याकडं हे असं चालतं."

तिनं उशीखालून स्टीलचं ताट काढलं आणि त्यावर चमचा हाणला. असा ठणठणाट झाला की तळमजल्यावर भूल दिलेला माणूस उठून बसला म्हणतात. तीन वॉर्ड एकटीनं सांभाळणारी नर्स धापा टाकत दारात आली. "आले, आले! काय झालं, आजी?"

"एकवीस सेकंद," साहेब म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "बघा! दोन मिनिटं कुठली, एकवीस सेकंदात हजर! करा सही."

बाई उठून बसल्या. एकशे बारावं पान काढून त्यांनी 'बेल' खोडलं आणि वर लिहिलं, 'ताट व चमचा. रुग्णाने घरून आणावे.' मग शेवटच्या पानावर ऐसपैस सही ठोकली आणि फाइल साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. फाइल मिटून पुन्हा खाटेवर ठेवली आणि फोटोवाल्याला म्हणाले, "चल, आवर सामान."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "उद्या कशाला? आत्ताच्या आत्ता दुसरा वकील बोलावतो!"

"बोलवा की, भावोजी," वकीलबाई म्हणाल्या, आणि आजीच्या हातातलं ताट घेऊन, वर चमचा ठेवून, त्यांनी ते दिरापुढे धरलं.