निरोगी क्रमांक तीन

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे होते. सोळांत ठरावीक मापाचं एन्झाइम, दोन कोरे, बहात्तरांत छत्तीस रुग्णांचं रक्तद्रव, प्रत्येकाचं दोनदा. उरलेल्या सहांत तीन निरोगी माणसं. शेवटचा थेंब पडून पंधरा मिनिटं झाली होती. रुग्णांचे खळगे पिवळे झाले होते, म्हणजे त्यांत एन्झाइम होतं. निरोगी एक आणि दोन पाण्यासारखे राहिले. निरोगी तीनचे दोन्ही खळगे अख्ख्या प्लेटमध्ये सर्वांत गडद होते.

"म्हणजे शेळीनंही शेण खाल्लं," मास्तर म्हणाले.

मास्तर हे लॅबचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. येणाऱ्या प्रत्येकाला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मास्तर. ते स्टुलावर बसले होते, डावा हात कमरेवर.

चाचणी शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलीची होती, तिचं नोकरीतलं पहिलं काम. रक्तातल्या हजार गोष्टींतून नेमकं एक एन्झाइम हुडकून त्याला चिकटेल अशी अँटिबॉडी तिला हवी होती. पहिली उंदरापासून बनवलेली होती. निरोगी तीनमध्ये त्या अँटिबॉडीनं एन्झाइम दाखवलं, म्हणून पाच महिन्यांपूर्वी ती कचऱ्यात गेली. दुसरी सशाची. तिनंही तेच केलं, तेव्हा कंपनीला तक्रारीचं पत्र गेलं. आजची तिसरी, शेळीची.

"मास्तर, तिघांनी एकच चूक कशी करावी? कंपन्या वेगळ्या, प्राणी वेगळे. उंदीर, ससा, शेळी. एकमेकांना पढवायला भेटलेतसुद्धा नाहीत."

"नमुना नासला असेल."

"दर वेळी ताजं रक्त घेतलंय. कोण आहे हा निरोगी तीन?"

नावांची वही मास्तरांकडे असे. तिला फक्त क्रमांक मिळत.

मास्तर हसले. "मीच की. पस्तीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा नाही. माझ्याहून निरोगी माणूस या इमारतीत दाखव. म्हणून तर सांगतोय, अँटिबॉडीच खोटारडी."

तिनं त्यांच्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. हा हात गेल्या महिन्यातही तिथेच होता. त्याआधी? तिला आठवेना.

"कंबर कधीपासून दुखतेय?"

"ते या स्टुलाला विचार."

"आणि पोटात काही होतं?"

"आडवा झालो की धडधडतं. बायको म्हणते, तुमचं काळीज पोटातच असणार, सगळा जीव जेवणात."

ती हसली नाही. छत्तीस रुग्णांच्या कागदांवर तिनं हेच वाचलं होतं. पोटातल्या महाधमनीची भिंत हे एन्झाइम धागा धागा कुरतडतं, आणि धमनी फुगत जाते. धडधाकट माणसाची दोन सेंटीमीटर रुंद. साडेपाच झाली की शस्त्रक्रिया. त्यापुढे ती कधी फुटेल, सांगता येत नाही. हे आकडे पहिल्या दिवशी मास्तरांनीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते.

मास्तर आता प्लेटकडे बघत होते.

"साध्या सर्दीतही वाढतं ते," ते म्हणाले.

"पाच महिने सर्दी?"

त्यांनी प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तिरकी केली. पुन्हा सरळ केली. मग टेबलावर इतकी हळू ठेवली की आवाज झाला नाही.

"म्हणजे पाच महिने आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो," ते म्हणाले आणि उठू लागले.

"उठू नका. चाकाची खुर्ची आणते."

"अगं, पाय शाबूत आहेत माझे."

"बसा म्हटलं ना!"

पलीकडच्या टेबलावरची दोघं वळून बघू लागली. मास्तरांवर या खोलीत कधी कुणी ओरडलं नव्हतं. मास्तर बसले.

सोनोग्राफीची खोली खालच्या मजल्यावर होती. तिथली डॉक्टर त्या छत्तीस जणांची मापं घेणारीच. खुर्ची दारातून आत आली तेव्हा ती म्हणाली, "हे काय नाटक, मास्तर?"

"पोरीचा हट्ट. घ्या एकदा माप आणि सोडा मला. आणि घरी कळवू नका, बायको पथ्य लावेल."

"लावायलाच हवं. पोट बघा केवढं," डॉक्टर म्हणाली आणि जेली लावली.

"गार आहे हो! माणसांसाठी आहे की माशांसाठी?"

डॉक्टर हसली. पोटावरून यंत्र फिरवताना अर्धवट काहीतरी बोलत होती, ते मध्येच थांबलं. तिनं यंत्र वर नेलं, पुन्हा खाली आणलं. माप घेतलं. पुसून टाकलं. पुन्हा घेतलं. मग पडद्यावरची नजर न काढता डाव्या हातानं फोन उचलला आणि शस्त्रक्रिया विभाग मागितला.

"मास्तर, आता अजिबात हलायचं नाही."

"का हो, किती आली?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी मान वळवून पोरीकडे पाहिलं. "तू वाच. आकडा वाचताना हात कापू द्यायचा नाही, शिकवलंय ना?"

पडद्यावर दोन बारीक फुल्या होत्या, मधे तुटक रेघ.

तिनं वाचलं, "सहा पूर्णांक आठ."