सरावाचा पुतळा

ताईनं धाकट्या बहिणीच्या मांडीवर श्वास सोडला, तो पुन्हा घेतलाच नाही. महिन्याभरानं धाकटी एक्स-रेच्या वर्गाला परत आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात पेशंट नको, बाळा. आज पुतळ्यावर हात बसव."

पुतळा प्लॅस्टिकचा, आत खोट्या बरगड्या. तिनं तो टेबलावर नीट निजवला, काचेआड आली, सवयीनं माइकवर "श्वास घ्या" म्हणाली आणि "रोखून धरा" म्हणायचं विसरून बटण दाबलं.

फोटोत बरगड्या हलल्यासारख्या पुसट आल्या.

"बघ, पेशंटनं श्वास रोखला नाही की असं..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "टेबल हललं असेल. परत घे."

"श्वास घ्या. रोखून धरा."

या वेळी बरगड्या अगदी स्वच्छ उमटल्या. मॅडमना हायसं वाटलं. "आला की नाही झकास? आता 'सोडा' म्हण आणि चल, चहा घेऊ."

धाकटी काचेतून बघत होती. आत पुतळ्याची छाती वर आली होती आणि तशीच थांबली होती.

तिनं दोन्ही हातांनी माइक घट्ट झाकला.

"नाही मॅडम," ती रडत म्हणाली, "मी नाही म्हणणार. तुम्हीही म्हणू नका."