कडव्यांमधली जागा

पहिलं कडवं गोड झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी मात्र ऑर्गन पुढे निघून गेला आणि बालिगे गावच्या चर्चमधली सगळी गायकमंडळी मागे राहिली.

मारोलोपने लॅपटॉपकडे पाहिलं. ऑर्गन वाजवत होता तो प्रोग्राम, त्याच्या आत्याच्या, तिऊर्मा नांबोरूच्या नवऱ्याने, साऊतनी केलेला. बोटं थरथरू लागली तेव्हा त्यांनी आपलं सारं वाजवणं त्यात उतरवून ठेवलं. पुढे ते गेले, आणि आता त्यांचा जुना संगणकही गेला. म्हणून मारोलोपने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला जुनीचं सोंग घ्यायला शिकवलं होतं. प्रोग्रामने जे मागावं ते नवीने जुनीच्या रीतीने द्यायचं. एकच मागणं राहिलं होतं, कडव्यांच्या मध्ये थांबण्याचं. ते त्याने आज सकाळी बसवलं.

चर्चचे वडीलधारे सिंतुआ जोनार म्हणाले, जमत नसेल तर राहू दे, उद्याच्या उपासनेला मेदान शहरातून आणलेलं तयार यंत्र लावू. नांबोरूने गाण्याचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मारोलोप पुटपुटला की, प्रोग्राम अर्धा सेकंद मागतो आणि जुन्या सिस्टीमच्या नियमपुस्तकाप्रमाणे बरोबर अर्धाच मिळतो.

"मग तुझ्या पुस्तकालाच गायला उभं कर," नांबोरू म्हणाली. बायका हसल्या.

तो उठला आणि गायकांच्या मागच्या रांगेत, लहानपणीच्या आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पुन्हा सुरू करायला सांगितलं. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ संपली. छाती सवयीने भरू लागली, आणि अर्धी भरते न भरते तोच सूर आला.

तो गायचा थांबला. आता त्याला उमगलं. जुनी सिस्टीमच आळशी होती. अर्धा सेकंद मागितला तरी पुऱ्या सेकंदाचा ठोका पडल्याशिवाय ती उठायची नाही. साऊतच्या कानाला ते बरं वाटलं असणार, त्यांनी तसंच राहू दिलं. आणि त्या आळसात सगळं चर्च श्वास घ्यायला शिकलं.

तो परत लॅपटॉपपाशी बसला. सकाळचा बिनचूक हिशेब पुसला आणि जुना आळस त्या जागी बसवला. त्याच्या वर, पुढे हा कोड उघडणाऱ्यांसाठी एक ओळ लिहिली: 'हे चूक आहे. कृपा करून दुरुस्त करू नये.'

"घ्या पहिल्यापासून," तो म्हणाला.

पहिलं कडवं संपलं. मधली जागा आली. साऱ्या चर्चने एकदम श्वास घेतला.

नांबोरूने मात्र श्वास घेतला नाही. डोळे मिटून ती नवऱ्याने राखलेली जागा ऐकत राहिली.