टेकडी सुटली

जंगलाच्या हद्दीची रेघ फक्त चारशे पावलं आत सरकली, तर गावप्रमुख कापितान क्रिसांतोच्या पदरात पडणार होतं ते असं: आंब्याखालचं राहतं घर, घरामागची टेकडी, टेकडीवरच्या बांबूच्या आठ खोल्या आणि त्या खोल्यांतून समुद्र बघायला येणारे पाहुणे. नाही सरकली, तर आठही खोल्या महिनाअखेर पाडायच्या. राखीव जंगलाच्या कार्यालयाची तशी नोटीस त्याच्या बायकोनं, देलियानं, तांदळाच्या डब्याखाली दडपून ठेवली होती.

म्हणून आज बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याखाली, सगळं मालुनाय गाव जमलं होतं. आधी गावाचा होकार, मग जंगलखात्याची सही, मग नगरपालिकेची.

"खोल्या पाडल्या तर मी माहेरी निघून जाईन," देलिया पुटपुटली.

"जा की. समोरच तर आहे."

मालुनाय हे गाव मुळी जंगलामुळेच झालेलं. पंचवीस वर्षांपूर्वी जंगल राखीव झालं, तेव्हा हद्दीच्या आत सापडलेली एकशेबारा घरं एकत्र करून नगरपालिकेनं त्यांचं वेगळं गाव केलं. पुढे जंगलखात्यानं जंगलाचा नकाशा वेगळा काढला, नगरपालिकेनं गावाचा. दोन्हींचं जमेना, आणि त्या भांडणात क्रिसांतोचा परवाना चार वर्षं लटकला.

तोडगा शेवटी त्यानंच काढला. ठरावही त्यानंच सांगून लिहून घेतला: रेघ टेकडीच्या आत घ्यावी, टेकडी जंगलाबाहेर सोडावी, आणि यापुढे दोन्ही कार्यालयांनी एकच नकाशा, एकच रेघ मानावी.

नगरपालिकेच्या ओफेलिया मॅडमनी तो कागद दोनदा वाचला होता. चष्मा कपाळावर सारून विचारलं होतं, "कापितान, रेघ एकच? नीट विचार केलात ना?"

"मॅडम, चार वर्षं दुसरं केलं काय मी?"

बाईंना काहीतरी हवंय असं समजून त्यानं दुसऱ्या दिवशी टोपलीभर आंबे पाठवले. बाईंनी आंबे परत केले आणि ठराव पुढे सरकवला. असा हिशेब त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

आता धास्ती एकट्या सेपाआजीची होती. मागच्या निवडणुकीत तिचा मुलगा रोदेल क्रिसांतोविरुद्ध उभा राहिला होता. क्रिसांतोनं दोरी लावून मोजलं आणि दाखवून दिलं की रोदेलची चूल ओढ्यापलीकडे, म्हणजे रेघेबाहेर, शेजारच्या तुबोरान गावात येते. "कापितान गावात राहणारा लागतो, पलीकडे जेवणारा नाही चालत," असं म्हणून त्यानं अर्ज बाद करवला. तेव्हापासून म्हातारी त्याच्याशी बोलत नव्हती. रोदेलनं गेल्याच महिन्यात चूल उचलून ओढ्याअलीकडे आणली होती.

बाकी लोकांचंही काहीबाही असायचंच. गावचा शिक्का क्रिसांतोच्या खिशात. दाखला हवा असेल तर कोंबड्यांच्या झुंजीपर्यंत त्याच्यामागे जायचं, आणि त्याचा कोंबडा जिंकेपर्यंत थांबायचं.

शेवटच्या बाकावर पाहुणी म्हणून तुबोरानची कापितान ग्रासिया बसली होती. क्रिसांतोला राहवलं नाही.

"काय ग्रासियाबाई, शिक्का आणलात का? पपयांवर मारायला बरा पडतो म्हणे तुमचा!"

मैदान खदखदून हसलं. ग्रासियाही हसली. "आणलाय की. हल्ली पर्समध्येच ठेवते."

ओफेलिया मॅडमनी ठराव मोठ्यानं वाचला. "कुणाची हरकत?"

एकही हात वर झाला नाही.

"होकार?"

पहिला हात वर गेला तो सेपाआजीचा. मग रोदेलचा. मग सगळं मैदानच वर झालं. देलियानं दोन्ही हात वर केले, त्यातला एक मॅडमनी खाली घ्यायला लावला.

क्रिसांतो उठला. तो म्हातारीपाशी गेला. "आजी, मला वाटलं होतं तुम्ही अडवणार."

"मी कशाला अडवू रे पोरा? जाऊ दे तुझी टेकडी. सुखानं जाऊ दे."

तासाभरात दोन्ही सह्या झाल्या. ठराव त्याच दिवसापासून लागू. देलियानं नोटीस फाडून चुलीत घातली. पान्सितच्या शेवयांची पातेली आली, कुणीतरी अख्खं डुक्कर भाजलं, आणि कुणी सांगितलं नसताना बायका गायला लागल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच क्रिसांतोचे खांदे सैल पडले. गावाचा आपल्यावर एवढा जीव आहे, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेला. आठ खोल्यांच्या परवान्याला आता फक्त गावच्या कापितानचा दाखला जोडायचा होता. खिडकीजवळच्या बाकावर ग्रासिया आधीच येऊन बसलेली. त्यानं तिला मान हलवून ओळख दिली, खिशातून शिक्का काढला, त्यावर हलकी फुंकर मारली आणि कागदावर टेकवणार, एवढ्यात ओफेलिया मॅडमनी कागदावर हात ठेवला.

"हा नाही, सिन्योर लाबाहो."

त्याला कापितान न म्हणणारं माणूस नऊ वर्षांत भेटलं नव्हतं. मॅडमनी नवा नकाशा त्याच्याकडे फिरवला आणि रेघेच्या बाहेर पडलेल्या त्याच्या दारच्या आंब्यावर बोट ठेवलं.

ग्रासियानं पर्स उघडली. तिचा शिक्का एकदाच, ठसठशीत उमटला. मग तिनं पावती फाडून त्याच्यापुढे ठेवली.

दाखला शुल्क: पन्नास पेसो. भरणार: क्रिसांतो लाबाहो, रहिवासी, तुबोरान.