डिजिटल नको

उद्या सकाळी बायकोला ऑपरेशनसाठी दाखल करायचं होतं. त्याआधी तिला फोटो हवे होते, आणि वर अट, "डिजिटल नको. जुना रोलचा कॅमेरा घ्या. मी रोल घालून ठेवलाय."

आमच्या स्टुडिओत रोल घालायचं काम पहिल्यापासून तिचंच. तिच्या हातचा रोल कधी निसटला नाही. म्हणून मी निर्धास्तपणे एकामागून एक फोटो काढत गेलो. खिडकीपाशी बसून ती हसत होती, कित्येक महिन्यांनी. आणि माझं लक्ष कॅमेऱ्यावरच्या गोल बटणाकडे गेलं. फिल्म पुढे सरकली की ते आपोआप फिरतं. ते जागचं हललं नव्हतं.

म्हणजे रोल निसटला होता. एकही फोटो आला नव्हता! सांगावं तर तिचं हसू जाणार. न सांगावं, तर उद्याचं कुणी पाहिलंय?

"दोन-चार डिजिटलवर पण घेऊ गं. असलेले बरे," मी बॅग पुढे ओढली. चेन काही केल्या उघडेना.

"बटण फिरत नाहीये, हेच ना?" ती म्हणाली. "फिरेल कसं? रोल घातलेलाच नाही मी."

"अगं, मग हे सगळं कशासाठी?"

"डिजिटल हातात असला की प्रत्येक फोटोनंतर तुम्ही त्या पडद्यात डोकं घालता. आज म्हटलं, माझ्याकडे बघाल."